हळदीच्या पेठेतली एक रिंग

हळदीचा हंगाम आला हे मला पंचांग सांगत नाही, नाक सांगतं. सांगलीला एसटीतून उतरावं, बाजाराच्या बाजूला थोडं चालावं, की पहिली शिंक येते. दुसरी येते अण्णांच्या अडत दुकानाच्या पायरीवर. तिसरी येईपर्यंत मी आत जाऊन टेकलेली असते आणि हमाल पोती उतरवता उतरवता एकमेकांना सांगत असतात, "आल्या बघ साताऱ्याच्या काकू. शिंक वळखीची हाय."

वर्षाची हळद मी अजून तिथूनच आणते. साताऱ्यात काय हळद मिळत नाही होय? पुडीतली मिळते, चांगली मिळते. आणि आम्ही घरात माणसं दोन, आम्हाला अशी किती लागणार? पण मला हळकुंड मोडून बघायचं असतं. सुकी फांदी मोडावी तसं ते कट्ट करून मोडलं पाहिजे आणि आत शेंदरी रंग दिसला पाहिजे. मग बोटं पिवळी होतात, पदर पिवळा होतो, चष्म्याची काडी पिवळी होते. त्या पिवळ्या हातांनी मी अण्णांच्या दुकानातला चहा पिते आणि दरवर्षी तोच एक हंगाम आठवत बसते. नव्वद सालानंतरची दहा वर्षं तेव्हा संपत आली होती. कारखान्यांची धुराडी सोडली तर उंच असं काही नसलेल्या आमच्या मुलखात लोखंडी टॉवर उभे राहत होते, आणि त्या टॉवरांच्या पोटात किती आणि काय भरायचं हे माझी लेक ठरवत होती.

असं म्हटलं की आमची उज्ज्वला कपाळाला हात लावते. "आई, मी एकटी नव्हते गं ठरवत. माझ्यावर चार माणसं होती."

असतील. मला तू एकटीच दिसत होतीस, त्याला मी काय करू?

उज्ज्वला कराडच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन निघाली आणि एका मोबाईल कंपनीत लागली. लागली म्हणजे कच्ची लागली. काही महिने काम बघणार, पसंत पडलं तर पक्की करणार. कंपनीला पुण्याकडून सातारा, कराड करत सांगलीपर्यंत जाळं आणायचं होतं. आमच्याकडं तोवर मोबाईल फारसा कुणी बघितला नव्हता. एका ठेकेदाराकडं होता, पण तो पुण्यात गेल्यावरच चालायचा. साताऱ्यात तो बिचारा हॉटेलात बसून नुसता टेबलावर काढून ठेवायचा. हातात घेतला तर चांगला मिठाच्या पुड्याएवढा जड.

मी तिला विचारलं, "मग तुझं काम काय गं नक्की?"

"लोक किती बोलतील त्याचा अंदाज काढायचा."

"त्याला अंदाज कशाला? आपल्याकडची माणसं गप्प असतात कधी?"

हसली. मग माझ्याशेजारी येऊन बसली. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं वाचन मी ह्यांच्या शिवणकामाच्या दुकानात बसून, काजं-बटणं करता करता केलेलं. पण या पोरीनं मला कधी "तुला नाही कळायचं" म्हटलं नाही, ही एक गोष्ट मी आल्यागेल्याला सांगते. ती म्हणाली, "आई, लग्नाला एकूण माणसं किती येणार हे आपण विचारतो का? आपण विचारतो, एका पंगतीला किती बसतील. पाट कमी पडले तर भुकेली माणसं उभी राहणार. पाट जास्त मांडले तर रिकामे राहणार आणि यजमान म्हणणार, एवढे कशाला भाड्यानं आणले? प्रत्येक टॉवरला एक पंगत असते. दिवसात कधीतरी एकदा सगळे एकदम बोलायला बसतात. ती वेळ कुठली आणि तेव्हा किती माणसं, एवढं मला शोधायचंय."

झालं. मला जे कळायचं ते कळलं.

आता पोरगी एकटी जीपमधून गावोगाव फिरणार म्हटल्यावर घरात कुजबुज सुरू झाली. माझी नणंद, आक्का, तिची जीभ म्हणजे अडकित्ता. चहाला आली आणि बशीत चहा ओतत म्हणाली, "पोरगी टावर हुडकत फिरतीय म्हणं. नवरा कवा हुडकायचा? का तो बी टावरवर बसलाय?"

उज्ज्वला म्हणाली, "आत्या, बसला असंल तर दिसंल की लांबनं. तुला सांगते."

ह्यांना दुकान सोडता येईना. म्हणून मी डबा बांधला, स्वेटर घेतला आणि जीपमध्ये जाऊन बसले. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. कंपनीच्या कागदावर माझं नाव काय लावायचं म्हणून ड्रायव्हरला प्रश्न पडला. बिरू त्याचं नाव, आटपाडीकडचा. घरचे अजून मेंढरं घेऊन हिंडत होते, हा जीप घेऊन हिंडत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं आणि म्हणाला, "लिवायचं कशाला? सामान म्हनून बसा की काकू."

पौषातली थंडी. वाईला कृष्णेच्या घाटावर पहाटेचं धुकं असं बसलेलं की देवळाचा कळस तेवढा वर. तिथं एक गुरुजी भेटले. उज्ज्वलानं विचारलं, तुमच्याकडं मोबाईल आला तर तुम्ही कधी बोलाल? गुरुजींनी उपरणं सावरलं. "मुहूर्ताआधी घटकाभर. नवरदेवाची गाडी कुठं अडकली ते विचारायला. आणि बाई, त्या घटकेला अख्ख्या वाईतले आम्ही सगळे बोलणार, हे लक्षात ठेव. सगळ्यांचे मुहूर्त एकच." उज्ज्वलानं ते गंभीरपणे लिहून घेतलं. पाचगणीला थंडीनं दात वाजत होते. तिथल्या शाळांच्या फाटकांवर रविवारी आईबापांच्या गाड्या लागायच्या, म्हणजे तिथली पंगत रविवारची. स्ट्रॉबेरीवाले मात्र उजाडायच्या आत बोलणार, कारण माल उन्हाच्या आधी घाट उतरला पाहिजे. कराडला व्यापारी दुपारी बोलणार, ऊसवाहतूकवाले दिवसभर बोलणार. एकेका गावाची बोलायची वेळ निराळी, हे मी त्या जीपमध्ये बसून शिकले. आयुष्यभर त्याच गावांतून एसटीनं जातेय, पण गावं अशी कधी दिसली नव्हती.

बिरू म्हणायचा, "काकू, टावर दिसला की तुमी मेंढरावानी मान वर करताय."

करत होतेच. माझ्या लेकीचा टॉवर होता.

आता सांगली. सांगलीसाठी उज्ज्वला चार दिवस हळदीच्या पेठेत फिरली. मी मागून शिंकत. नव्या हळदीची पोती येऊ लागली होती. हरिपुरातल्या जमिनीतल्या पेवांमधून जुनी हळद निघत होती, तिचा वास कोंडलेला, ओला, मातीत मुरलेला. नवीचा वास कोरडा आणि उन्हाचा. प्रत्येक अडत्याला ती एकच प्रश्न विचारायची: दिवसाला साधारण किती बोलाल? आणि प्रत्येकाचं उत्तर तेच.

अण्णा तर गादीवर मांडी घालून म्हणाले, "आवं ताई, आमी कुठं बोलतोय? बोलायला पैसं पडत्यात. दोन मिन्टं. लय झाली."

तेव्हा मोबाईलवर फोन करणाऱ्यालाही पैसे पडायचे आणि उचलणाऱ्यालाही. माणसं मुकी होणारच. सगळ्यांची ती दोन-दोन मिनिटं मांडून उज्ज्वलानं सांगलीच्या बाजारचा अंदाज काढला, आणि तो अगदी किरकोळ निघाला. वाईच्या गुरुजींपेक्षा थोडाच जास्त. तिलाही ते खटकत होतं. "एवढा मोठा बाजार, आणि बोलत कसा नाही?" असं दोनदा म्हणाली. पण लोकांनी सांगितलंय तेच लिहायचं ना?

निघायच्या दिवशी आम्ही अण्णांकडं हळद घ्यायला थांबलो. मी हळकुंड मोडून बघतेय, उज्ज्वला पायरीवर बसलीय. गादीवर अण्णांचा काळा फोन होता, तारेचा. तो वाजला. एकदाच. ट्रिंग, आणि गप्प. अण्णांनी त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. नुसता आतल्या बाजूला आवाज टाकला, "गाडी मिरजेच्या नाक्यावर आली रं! काटा मोकळा करा!" थोड्या वेळानं परत वाजला, दोनदा, आणि गप्प. अण्णा ओरडले, "सौद्याला चला!"

मी हळकुंड हातात धरून तशीच राहिले. उज्ज्वलानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. आमची नजरानजर झाली आणि दोघींना एकदमच हसू फुटलं.

कारण ही तर आमच्याच घरची रीत होती. ती कराडला वसतिगृहात असताना आमच्या घरी फोन नव्हता, समोरच्या वैद्यकाकूंकडं होता. उज्ज्वला बूथवरून फोन लावायची आणि उचलायच्या आत ठेवून द्यायची. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचले. दोन म्हणजे शनिवारी घरी येतेय. वाजतच राहिला तरच उचलायचा. उचलला नाही तर पैसे पडत नाहीत, बूथवाला तेवढा शिव्या देतो. वैद्यकाकू खिडकीतून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "एक झाली गं!" की मी निवांत वरणाला फोडणी द्यायची. दर सोमवारी संध्याकाळी माझा जीव त्या एका रिंगेला टांगलेला असायचा.

"आई," उज्ज्वला म्हणाली, "ही माणसं बोलणार नाहीत. ही नुसती हाका मारणार."

तिथंच पायरीवर बसून तिनं मला समजावलं. मोबाईलमध्ये दोन वाटा असतात. एक हाकेची: फोन लावायचा, समोरचा कुठं आहे ते हुडकायचं, त्याची घंटी वाजवायची. दुसरी बोलण्याची. टॉवरखालच्या यंत्राच्या पेटीत आठ घरं असतात, त्यातलं एक हाकेला, बाकीची सात बोलण्याला. मुंबईत एवढं पुरतं, कारण तिथं माणूस एक हाक मारतो आणि बराच वेळ बोलतो. इथं शंभर हाका आणि बोलणं जवळजवळ नाहीच. सौद्याच्या वेळी सगळी पेठ एकदम रिंगा द्यायला लागली, तर हाकेची वाट तुंबणार. मग ज्याला खरंच बोलायचंय, पैसे मोजून बोलायचंय, त्याचाही फोन लागणार नाही. बोलण्याची घरं रिकामी आणि दारातच गर्दी.

तिनं सांगलीचा अंदाज पुन्हा मांडला आणि मुंबईच्या साहेबांना फोन लावला. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या बूथमधून. काचेचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळं तिची बाजू मला ऐकू येत होती.

"नाही साहेब, उचलणार नाहीत... हो, पैसे मिळणार नाहीत, मान्य आहे... साहेब, कट केला तरी तो फोन लागलेला असतो. पुढच्याला कळायचं ते कळतं..." मग कानाची पाळी लाल. "चालेल. माझ्या सहीनं पाठवते."

बाहेर आली ती घाम पुसतच. साहेबांचं म्हणणं असं, की उचलला नाही तो फोनच नाही, त्याची कसली तरतूद करायची? आणि सांगलीच्या बाजाराला जादा पेटी मिळणार नाही. हवं असेल तर आहे त्याच पेटीतलं बोलण्याचं एक घर काढून हाकेला द्या. पण मग बोलणाऱ्यांना जागा कमी पडली, लोकांनी बोंब मारली, तर जबाबदारी तुमची. पक्की करायची की नाही, ते मग बघू.

मी विचारलं, "तुला खात्री हाय ना गं?"

"खात्री असती तर त्याला अंदाज म्हणाले असते का आई?"

परतीच्या वाटेवर ती तेच आकडे पुन्हा पुन्हा मांडत होती. हायवेवरच्या पेठ नाक्याला बिरूनं चहासाठी गाडी थांबवली, तरी उतरली नाही. दोन्ही बाजूला तोडलेला ऊस, पाचटाच्या जाळाचा धूर, आणि त्या धुरात दूरवर एक नवा टॉवर. मला खरंच काळजी वाटत होती. नोकरीची नव्हे, नोकऱ्या मिळतात. पण तिचा अंदाज चुकला असता तर आक्कापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं असतं, बाईमाणसाचं हे काम नव्हे. आणि तिच्यानंतर येणाऱ्या पोरीला जीपची पायरीसुद्धा चढू दिली नसती.

फाल्गुनात सांगलीचं जाळं सुरू झालं. सौद्याच्या दिवशी उज्ज्वला तिथं जाणार म्हटल्यावर सामानही जीपमध्ये बसलं.

पेठेतले किती जण मोबाईलवाले झाले होते! अण्णांनी तर आपला फोन गादीसमोर पितळी ताटलीत ठेवून त्याला हळदकुंकू लावलेलं. बटणांत हळद गेली होती. सौदे सुरू झाले. ढिगाऱ्याभोवती माणसांचा घोळका, मूठभर हळकुंडं उचलायची, मोडायची, हुंगायची, भाव ओरडायचा आणि पुढच्या ढिगाकडं सरकायचं. आणि त्या ओरड्यात, जिकडं तिकडं, खिशांतून, कनवटीतून, पिशव्यांतून रिंगा. एक आणि गप्प. दोन आणि गप्प. कुणी उचलत नव्हतं. सगळे नुसते ऐकून धावत होते. चिमण्या उठाव्यात तशी ती पेठ किलबिलत होती. उज्ज्वला आपल्या फोनवरून पुन्हा पुन्हा नंबर लावून बघत होती. लागतोय. लागतोय. लागतोय.

तेवढ्यात मुंबईचा एक खरेदीदार, त्याला त्याच्या शेठला भाव विचारायचा होता, तो तावातावानं फोन कानाला लावून उभा. नाही लागला. परत. नाही लागला. "कसला फोन आणलाय हा? डबा!" असं म्हणून त्यानं तो आपटायलाच घेतला. उज्ज्वलाचा चेहरा हळकुंडासारखा पिवळा. बाहेरगावच्या खरेदीदारांनी बोलण्याची घरं भरली होती. तिनं काढून घेतलेलं ते एक घर आत्ता असतं, तर हा माणूस बोलला असता. साहेबांनी बजावलं होतं ते हेच.

तिनं आपला फोन लावला. नाही लागला. माझा हात धरला, माझा हळदीनं माखलेला हात, आणि परत लावला. नाही.

अण्णा शांतपणे म्हणाले, "थांबा की जरा, ताई. पयली पंगत उठू दे."

तिनं तिसऱ्यांदा लावला आणि लागला. तिकडं तो मुंबईवालाही "हां, हां शेठ" म्हणत बोलायला लागला होता, चांगला ओरडून, जसं काही फोन नसता तरी शेठला ऐकू गेलं असतं. त्यानंतर सगळे सौदे संपेपर्यंत फोन कुठं अडला नाही. रिंगा मात्र पावशेर कमी झाल्या नाहीत.

दुपारी अण्णांच्या काळ्या फोनवर साहेबांचा फोन आला. हा मात्र वाजत राहिला, उचलला. उज्ज्वला नुसतं "हो साहेब, हो" करत होती. कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीत यंत्रापुढं बसलेल्या माणसांना आकडे दिसत होते. हाकेची वाट काठोकाठ भरली होती, पण सांडली नव्हती. आधीच्या बेतानं गेलं असतं, तर पहिल्याच ढिगाऱ्यापाशी सगळी पेठ बंद पडली असती. साहेब शाबास म्हणाले नाहीत. चुकलो तर मुळीच म्हणाले नाहीत. म्हणाले, "तासगावचा बेदाण्याचा बाजार बघायचाय. तो अंदाज तुम्हीच काढा. हाकांसकट."

हाकांसकट! उज्ज्वलानं फोन ठेवला आणि हा शब्द मला तीन वेळा सांगितला. बिरू म्हणाला, "ताई, मग तासगावला सामान न्यायचं का?" आणि माझ्याकडं बघून दात काढले. मी हळकुंडाची पिशवी त्याच्या डोक्यात घालणार होते.

पक्की झाल्याचं पत्र नंतर आलं, पण माझ्या मनात ती त्याच दिवशी पक्की झाली. आक्का पुन्हा चहाला आली. बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या भाचीनं सांगली बोलती केली." टॉवरवरच्या नवऱ्याचा विषय तिनं पुढं काढला नाही. तो पुढं मिळाला, जमिनीवरच मिळाला, आणि चांगला आहे.

आता उज्ज्वला तेच काम करते, पण कुठं कुठं जाते. कधी दिल्ली, कधी परदेशात. तिथल्या माणसांच्या पंगती मोजते. आता बोलायला पैसे पडत नाहीत म्हटलं तरी चालेल. नात मला चित्रासकट फोन करते, माझा कान दाखव म्हणते, नाक दाखव म्हणते. बोलणं उदंड झालंय. अण्णा गेले. त्यांचा मुलगा गादीवर बसतो आणि एकाच वेळी तीन फोनांवर बोलतो. परवा हळद मोडून बघताना त्याला म्हटलं, तुझ्या वडलांच्या ताटलीतला फोन ठेवलायस का रे? त्यानं कपाटातून काढला. बटणांत अजून हळद आहे.

ती पिशवी घेऊन संध्याकाळच्या गाडीनं घरी आले. वरण शिजत टाकलं. उज्ज्वला काल कुठल्याशा लांबच्या गावाला निघाली होती, विमान, मग आणखी एक विमान. मी ओट्यापाशी उभी, फोन खिडकीत. तेल तापत होतं. फोन वाजला. एकदाच, आणि गप्प.

मी उचलला नाही. तिकडच्या यंत्रात त्या फोनची नोंद बोलणं शून्य अशीच झाली असेल. मी तेलात मोहरी टाकली, हिंग टाकला आणि नव्या हळदीची चिमूट सोडली.

समोरच्या खिडकीत वैद्यकाकू बसल्या होत्या. नव्वदीला आल्यात, दिसत कमी, पण कान शाबूत.

"काय गं," त्यांनी विचारलं, "एक झाली का?"

"झाली, काकू."